वर्गातील वर्तन व्यवस्थापन : पद्धती चार, प्रश्न एक



पाठाचं टाचण कितीही छान काढलेलं असो, वर्गात पाऊल टाकलं की पहिला सामना होतो तो मुलांच्या वागण्याशी. एक जण खिडकीतून बाहेर बघतोय, दोघी खोडरबरवरून भांडतायत, एकाने शेजाऱ्याची वही लपवलीय आणि "मॅडम, हा बघा ना!" असा आवाज चारी बाजूंनी येतोय. शिक्षण परिषदेत असो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असो की गाडीवरून शाळेत जाता-येता असो, आपण सगळे एकमेकांना एकच विचारतो : छडी तर गेली, आता मुलांना आवरायचं कसं?

या लेखात वर्तन व्यवस्थापनाच्या चार प्रमुख पद्धती बघू. प्रत्येक पद्धत कुठे उपयोगी पडते आणि कुठे अडते, तेही बघू. चारांपैकी कोणती कधी वापरायची हे ज्या एका प्रश्नावरून ठरतं, तो प्रश्न शेवटी घेऊ.

आधी कायदा थोडक्यात

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. पहिला भाग आपल्या सर्वांना पाठ आहे. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. सगळ्यांसमोर "मठ्ठ आहेस" म्हणणं, घरची परिस्थिती काढणं, "तुझा बापही असाच होता" असं बोलणं, यांनी हातावर वळ उठत नाहीत, पण मूल दुसऱ्या दिवशी शाळेत यायला का-कू करतं. कलम १६ नुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. थोडक्यात, आज आपल्याला सर्वांत जास्त त्रास देणारं मूल उद्याही आपल्याच वर्गात येणार आहे. ते आलंच पाहिजे, हीच तर आपली धडपड असते.

शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग का?

"हाताची घडी, तोंडावर बोट" ही आज्ञा आपण लहानपणी ऐकली आणि आता देतोही. तिने वर्ग शांत होतो हे खरं. पण तोंडावर बोट ठेवलेल्या मुलाला प्रश्न विचारता येत नाही, शेजाऱ्याला समजावून सांगता येत नाही, वाचूनही दाखवता येत नाही. गटात काम करणारा वर्ग थोडा गजबजणारच. म्हणून आपलं उद्दिष्ट शांतता हे नसून काम चालू राहणं हे आहे. मुलाच्या वागण्याने त्याचं किंवा इतरांचं शिकणं थांबत असेल, तरच त्या वागण्याकडे वळायचं. बाकीचं सोडून द्यायला शिकलं, तर निम्मी दमछाक वाचते.

पद्धत १ : प्रबलन (कौतुक आणि बक्षीस)

डी.एड.ला आपण थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम वाचला, स्किनरचं साधक अभिसंधान वाचलं. उंदीर, कबुतर आणि पेटी परीक्षेपुरती पाठ केली. त्याचं वर्गातलं सार एका वाक्यात येतं : ज्या वागण्यानंतर काहीतरी हवंसं मिळतं, ते वागणं वाढतं.

मुलाला हवंसं काय असतं? आपण म्हणतो चॉकलेट, स्टार, शाबासकी. पण बऱ्याच मुलांना सर्वांत जास्त हवं असतं ते शिक्षकाचं लक्ष. मग ते रागाचं असलं तरी चालतं. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. जागेवरून उठणाऱ्या मुलांना शिक्षिका जितक्या जास्त वेळा "खाली बस" म्हणाल्या, तितकी मुलं जास्त उठू लागली. बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केल्यावर उठणं कमी झालं. आपल्या वर्गात हे लगेच करून बघता येतं. सतत उठणारं मूल ज्या क्षणी जागेवर बसून लिहीत असेल, त्या क्षणी जवळ जा आणि हळूच म्हणा, "आज तीन ओळी सलग लिहिल्यास बरं का." शाबासकी अशी नेमकी हवी. "व्हेरी गुड" सगळ्यांना सारखंच वाटलं तर त्याचं वजन राहत नाही.

*ही पद्धत कुठे अडते?* बक्षिसाची सवय लागते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. "चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ" असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रं काढणं कमी केलं. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली. "मॅडम, केलं तर स्टार मिळणार का?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. म्हणून जे काम मूल आपणहून आनंदाने करतं, तिथे बक्षीस लावू नका. नावडत्या कामाची सुरुवात करून द्यायला ते वापरा आणि हळूहळू कमी करा.

पद्धत २ : नियम आणि परिणाम

ली आणि मार्लिन कँटर यांनी १९७६ मध्ये मांडलेली 'असर्टिव्ह डिसिप्लिन' ही पद्धत जगभर गाजली. शिक्षकाने नियम स्पष्ट सांगायचे, पाळले तर कौतुक आणि मोडले तर आधी ठरलेला परिणाम, तोही न चिडता, प्रत्येक वेळी आणि प्रत्येकाला सारखाच. या पद्धतीत नियम मोडणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहून पुढे खुणा करायची रीत होती. आपल्याकडे मॉनिटर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहितो, तसंच काहीसं. आपल्या यादीत मात्र एक गंमत असते. मॉनिटरच्या मित्राचं नाव तिच्यात सहसा नसतं, आणि पहिलं नाव कोणाचं असणार हे वर्गाला फळा बघण्याआधीच माहीत असतं. एका मुलावर 'बोलणारा' हा शिक्का बसला, की तो शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो.

या पद्धतीतलं घेण्यासारखं काय? नियम थोडे असावेत, तीन किंवा चार. ते मुलांशी बोलून ठरवावेत आणि काय करायचं ते सांगणारे असावेत. "ओरडू नये" ऐवजी "हात वर करून बोलू." पण तक्ता भिंतीवर लावला की काम झालं, असं मानू नका. मॅडसन आणि बेकर यांनी १९६८ मध्येच केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात नुसते नियम सांगून जवळजवळ काहीच बदललं नव्हतं. किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष आणि चांगल्या वागण्याचं कौतुक या दोन्हींची जोड दिल्यावर बदल दिसला.

परिणामही चुकीशी जोडलेला असावा. पाणी सांडलं तर पुसायचं. कोणाची वही फाडली तर चिकटवून द्यायची. वही फाडली म्हणून मैदानाला पाच फेऱ्या, यात मुलाला शिकायला काही मिळत नाही. पळणं ही शिक्षा आहे, एवढंच ते शिकतं.

पद्धत ३ : नियोजन (गडबड होण्याआधीच)

जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रफीत घेऊन बारकाईने अभ्यास केला आणि १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गडबड झाल्यावर चांगले शिक्षक वेगळं काय करतात, हे त्याला शोधायचं होतं. रागावण्याच्या पद्धतीत त्याला फारसा फरक सापडलाच नाही. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या वागण्यात. त्याने सांगितलेल्या चार गोष्टी आपल्याला अगदी जवळच्या आहेत.

१. *सगळीकडे लक्ष :* फळ्यावर लिहितानाही मागे काय चाललंय याची जाण असणं. "मॅडमला पाठीमागेही डोळे आहेत" असं मुलांना वाटलं पाहिजे.

२. *दोन कामं एकाच वेळी :* एकाची वही तपासताना दुसऱ्याला नजरेने थांबवणं, त्यासाठी तपासणं न सोडणं.

३. *ओघ :* एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रिकामा न ठेवणं.

४. *सर्वांना जागं ठेवणं :* आधी प्रश्न, थोडा वेळ, आणि मग नाव. नाव आधी घेतलं की बाकी सगळे सुटले!

यातला तिसरा मुद्दा द्विशिक्षकी शाळेत सर्वांत महत्त्वाचा आहे. कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता. तुम्ही तिसरीला उदाहरण समजावताय तेव्हा चौथी काय करतेय? "पुस्तक काढून वाचत बसा" या आज्ञेचं आयुष्य पाच मिनिटांचं असतं. त्यापेक्षा फळ्याच्या कोपऱ्यात चौथीचं काम आधीच लिहून ठेवा. लवकर संपवणाऱ्यांसाठी एका डब्यात शब्दपट्ट्या, कोडी, गोष्टींची पुस्तकं ठेवा. "झालं मॅडम, आता काय करू?" याचं उत्तर त्या डब्यात असलं पाहिजे.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. नवा शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. मग तो गोष्ट सुरू करतो, आणि तोच वर्ग गोष्टीसाठी गप्प बसतो. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर गेली. मुलांनाच बदलायला लावण्याआधी व्यवस्थेत काय बदलता येईल ते बघावं, हे दोन्ही उदाहरणांतून शिकण्यासारखं आहे.

*ही पद्धत कुठे अडते?* नियोजनाने बहुतेक वर्ग सांभाळला जातो. पण एखाद-दुसरं मूल असं असतंच, की सगळं छान चालू असतानाही तेच घडतं. त्याच्यासाठी चौथी पद्धत आहे.

पद्धत ४ : वागण्यामागचा हेतू शोधणं

ॲडलरच्या विचारांवर काम करणाऱ्या रुडॉल्फ ड्रायकर्स या मानसोपचारतज्ज्ञाने मुलांच्या त्रासदायक वागण्यामागे चार हेतू सांगितले. प्रत्येक मुलाला आपण इथले आहोत, आपल्याला इथे जागा आहे, असं वाटायला हवं असतं. सरळ मार्गाने ती जागा मिळाली नाही, तर मूल वाकडा मार्ग धरतं. तो मार्ग कोणता, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे त्या वेळी *आपल्याला* काय वाटतं ते.

• आपल्याला वैताग येतो, "सारखं काय रे तुझं!" असं वाटतं : मुलाला *लक्ष* हवंय. त्या वेळी शक्य तितकं दुर्लक्ष करा आणि चांगल्या वेळी भरपूर लक्ष द्या.

• आपल्याला आव्हान दिल्यासारखं वाटतं, "आता बघतेच" असा राग येतो : मुलाला *सत्ता* हवीय. वर्गासमोर वाद घालू नका. निवड द्या : "आधी गणित करतोस की आधी शुद्धलेखन?" जबाबदारीचं खरं काम द्या.

• आपण मनातून दुखावले जातो : मूल *बदला* घेतंय. त्याला कुठेतरी दुखावलंय, शाळेत किंवा घरी. शिक्षेने ते आणखी पेटतं. एकट्याला जवळ घेऊन बोला, उपदेश न करता.

• आपल्याला हताश वाटतं, "याच्याकडून काही होणार नाही" असं वाटतं : मुलाने *हार मानलीय*. प्रयत्न केला तर आपण कच्चे आहोत हे दिसेल, त्यापेक्षा न केलेलाच बरा. काम लहान करा. इतकं लहान, की जमणारच.

एक उदाहरण

आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काहींना आई-वडिलांबरोबर फडावर जावंच लागतं. चौथीतला एक मुलगा असाच मार्चमध्ये परत आला. शेजाऱ्याला चिमटे काढणं, पेन्सिली पळवणं, मध्येच मोठ्याने गाणं म्हणणं सुरू झालं. मुलं म्हणू लागली, "मॅडम, याला पुढे बसवा" आणि दोन दिवसांनी, "मॅडम, याला पुढून उठवा."

मी एका वहीत आठवडाभर नोंदी केल्या. प्रत्येक प्रसंगाला चार रकाने : वेळ आणि तास, आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. सात नोंदी झाल्या. सातांपैकी सहा गणिताच्या तासाच्या होत्या आणि सहाही वेळा 'आधी काय घडलं' या रकान्यात एकच गोष्ट होती : फळ्यावर भागाकाराचं उदाहरण लिहिलं. भांडण झालं की तास थांबायचा, तास थांबला की त्याची पाळी टळायची.

आता वरच्या पद्धती या मुलाला लावून बघा. त्याला वर्गाबाहेर उभं केलं तर? त्याला तेच हवंय, त्याची भागाकारापासून सुटका होते. आपल्याला जी शिक्षा वाटते ती त्याच्यासाठी बक्षीस ठरते. भागाकार केल्यावर स्टार ठेवला तर? चार महिने जे शिकायला तो नव्हताच, ते स्टारने येणार नाही. नियमांचा तक्ता दाखवला तर? नियम त्याला माहीत आहेत. त्याच्या नोंदी हार मानलेल्या मुलाच्या होत्या, आणि आपण त्याला खोडकर म्हणत होतो.

मग त्याला गणिताच्या तासाला वेगळं काम दिलं. तिसरीच्या गटाबरोबर, वस्तू वाटून भागाकार. उसाच्या मोळ्या बांधणं, मोजणं, गाडीत रचणं हे त्याने जवळून बघितलेलं. "चोवीस मोळ्या, चार जणांनी सारख्या उचलायच्या, प्रत्येकी किती?" हे त्याने तोंडी सांगितलं, बाकीच्यांच्या आधी. लिहिताना अडत होता. ते पुढचे काही आठवडे चाललं. चिमटे पूर्ण थांबले असं नाही. परिपाठाला अजूनही एखादा बसतोच. पण गणिताच्या तासाच्या नोंदी जवळजवळ बंद झाल्या.

तो एक प्रश्न

चारही पद्धती बरोबर आहेत. चुकतं ते कारण न बघता पद्धत निवडण्यात. म्हणून काहीही करण्याआधी स्वतःला विचारा : *या वागण्यातून या मुलाला काय मिळतंय, किंवा कशातून त्याची सुटका होतेय?*

• लक्ष मिळत असेल, तर चांगल्या वागण्याला लक्ष द्या (पद्धत १).

• नियमच स्पष्ट नसेल किंवा कधी पाळला, कधी नाही असं होत असेल, तर नियम आणि जोडलेला परिणाम (पद्धत २).

• एकाच वेळी अनेक मुलं गडबड करत असतील, तर प्रश्न मुलांचा नसून बहुधा रिकाम्या वेळेचा आहे (पद्धत ३).

• एकच मूल, एकाच प्रकारच्या कामाला किंवा वेळेला अडत असेल, तर हेतू शोधा (पद्धत ४).

काही काळज्या

१. *ऐकू येतं का, दिसतं का, हे आधी बघा.* फळ्यावरचं न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि आपण त्याला 'कॉपी करतो' म्हणतो. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा अशा मुलाचं नाव आवर्जून सांगा. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांनाही दाखवा.

२. *मूल उपाशी आहे का?* सकाळी काही न खाता आलेल्या मुलाची चिडचिड खिचडी मिळेपर्यंत टिकते. नोंदवहीत वेळ लिहिली की हे लगेच दिसतं.

३. *पालकांना तक्रार सांगताना जपून.* शाळेत आपण मारत नाही. पण "तुमचा मुलगा फार त्रास देतो" एवढंच वाक्य फाटकात सांगितलं, तर तोच मार संध्याकाळी घरी बसतो. आधी एक चांगली गोष्ट सांगा, मग अडचण, आणि घरी नेमकं काय करायचं तेही सांगा.

४. *मोठ्या मुलाला 'आवर रे यांना' म्हणून अधिकार देऊ नका.* छडी आपल्या हातातून जाऊन त्याच्या हातात जाते, एवढंच होतं.

५. *रोज सकाळी नवी पाटी.* कालचं भांडण आजच्या हजेरीत आणू नका.

या आठवड्यासाठी कृती

वर्गातलं एकच मूल निवडा, जे तुम्हाला सर्वांत जास्त दमवतं. वहीचं एक पान घ्या, चार रकाने आखा आणि सोमवार ते शनिवार फक्त नोंदी करा. जे रोज करता तेच करत राहा, नवा उपाय अजून नको. शनिवारी शाळा सुटल्यावर पान समोर ठेवून वाचा. एखादा तास, एखादा शेजारी, एखादी वेळ पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. तिथे बोट ठेवा आणि सोमवारच्या टाचणात त्या मुलासाठी एक ओळ लिहा : अमुक तासाला, अमुक काम. बदल लगेच दिसला नाही तर आणखी एक आठवडा नोंदी चालू ठेवा. तुमच्या सहकारी शिक्षकाला ते पान वाचायला द्या. आपल्याला जे रोज बघून दिसेनासं झालंय, ते त्यांना पटकन दिसतं.